आधी आठवण, मग नकाशा

इंग्लंडच्या हेरिफर्डशायर जिल्ह्यात, ब्रॉम्यार्डपासून चार-पाच मैलांवरच्या एका खेड्यात माझी पाच ते चौदा ही वर्षं गेली. बाबा तिथे जीपी, म्हणजे गावचे फॅमिली डॉक्टर, होते. घराच्या पुढच्या दोन खोल्यांत दवाखाना, मागे भाजीचे वाफे, वाफ्यांच्या पलीकडे तारांवर चढवलेले हॉप्सचे वेल (यांची फुलं बिअरमध्ये घालतात). जानेवारी १९७१ मध्ये आम्ही पोचलो. आईने तीन आठवडे बसून बारा पेन्सचा शिलिंग आणि वीस शिलिंगांचा पौंड पाठ केला, आणि १५ फेब्रुवारीला सरकारने शंभर पेन्सचा पौंड करून टाकला. ती शाळेत असताना, १९५७ मध्ये, सोळा आण्यांच्या रुपयाचं असंच झालं होतं. “माझा हिशेब पाठ झाला की हे नाणी बदलतात,” हे तिचं वाक्य आमच्या घरात अजून चालतं.

माझ्यासारखी बरीच मंडळी आहेत. साठ-सत्तरच्या दशकात आईवडील डॉक्टर म्हणून इंग्लंडात आले, कुठल्यातरी आडगावी दवाखाना मिळाला आणि पोरं सफरचंदांच्या बागांत वाढली. आता साठी जवळ आली की वाटतं, हे सगळं लिहून ठेवावं. लिहायला बसलं की दोन पानांत संपतं: बर्फ, गाई, शाळेतलं दूध. पुढे काय लिहायचं हे कळत नाही, कारण पुढचं आठवत नाही असं आपल्याला वाटतं. ते आठवतं, पण ते बाहेर काढायचा एक क्रम आहे आणि तो मी आधी उलटा केला होता. माझे दाखले हेरिफर्डशायरचे आहेत. कागदपत्रं इंग्लंडभर साधारण हीच. स्कॉटलंडचा कारभार वेगळा, तो इथे धरलेला नाही.

नकाशा उघडू नका

मी पहिल्याच दिवशी संगणकावर गावाचा उपग्रहातून काढलेला फोटो उघडला. दहा मिनिटांत माझं तळं जागचं हललं. माझ्या डोक्यात ते शाळेच्या वाटेवर डाव्या हाताला, फाटकानंतर होतं. फोटोत उजवीकडे एक मोठं तळं दिसलं, आणि त्या क्षणापासून मला दोन तळी आठवायला लागली. ते उजवीकडचं बरंच नंतर खोदलेलं, शेताला पाणी द्यायचं तळं आहे, हे मला पुढे कळलं. पण जुनं तळं नेमकं कसं दिसायचं, हे आता मला शपथेवर सांगता येणार नाही.

म्हणून आधी मोठा कोरा कागद घ्या आणि शाईचं पेन घ्या. पेन्सिल नको, कारण पेन्सिल हातात असली की माणूस खोडतो. घराच्या दारापासून शाळेच्या दारापर्यंतची वाट काढा, आपण जेवढे उंच होतो तेवढ्या उंचीवरून. फाटकाची कडी कुठल्या बाजूला होती? कुठल्या भिंतीवरून हात फिरवत जायचात? कुठे धावत सुटायचात आणि का? प्रमाणाची काळजी करू नका. माझ्या कागदावर चर्च नखाएवढं आहे आणि शेजारच्यांचं कोंबड्यांचं खुराडं तळहाताएवढं. तसंच राहू द्या. कागदाच्या मागे आजची तारीख घाला. भावंडं असतील तर त्यांच्याकडून वेगळ्या कागदावर, वेगळ्या खोलीत बसवून काढून घ्या. माझ्या धाकट्या भावाच्या नकाशात चर्च नाहीच, पण गावातला प्रत्येक कुत्रा त्याच्या जागी आहे.

दुसऱ्या दिवशी वास आणि आवाज. सप्टेंबरात हॉप्स वाळवायच्या भट्टीतून येणारा तो जड, झोप आणणारा वास आणि त्यात गंधकाचा ठसका. मळणीयंत्रासारखी घरघरणारी हॉप्स तोडायची मशीन, आणि तिच्या पट्ट्याशी उभं राहून पानं वेचून टाकणाऱ्या बायका. ऑक्टोबरात झाडाखाली रचलेले सायडरच्या, म्हणजे दारूसाठीच्या, सफरचंदांचे ढीग आणि त्यांवर घोंघावणाऱ्या गांधीलमाश्या.

तिसऱ्या दिवशी शब्द. हे फार महत्त्वाचं, कारण गावचे शब्द पुस्तकी इंग्रजीत नसतात. आमच्याकडे टेकाडाला ‘टंप’ म्हणत, कुंपणातल्या भगदाडाला ‘ग्लॅट’ आणि चिंचोळ्या पट्टीसारख्या शेताला ‘स्लिंगेट’. चिचुंदरीसारख्या जमीन पोखरणाऱ्या मोलला म्हातारी माणसं ‘ऊंट’ म्हणायची. शेजारचे आजोबा एका सकाळी कुंपणावरून आईला म्हणाले, “रात्री तुमच्या बागेत ऊंट येऊन गेला.” आईने आधी आकाशाकडे पाहिलं, मग बाबांकडे.

आठवणीला साल लावायचं

लहानपणीच्या आठवणीत ऋतू असतो, साल नसतं. सालासाठी खुंट्या लागतात. सत्तरच्या दशकातल्या पक्क्या खुंट्या अशा: १५ फेब्रुवारी १९७१ ची नवी नाणी, त्याच वर्षी सात वर्षांवरच्या मुलांचं शाळेतलं फुकट दूध बंद झालं, १ एप्रिल १९७४ ला हेरिफर्डशायर वुस्टरशायरला जोडलं गेलं, १९७६ चा दुष्काळ, ७ जून १९७७ ला राणीच्या राज्यारोहणाच्या पंचविशीची सुट्टी, रस्त्यावर टेबलं आणि मुलांना वाटलेले कप. या सगळ्यांच्या मागे संथपणे चालू असलेलं एल्म वृक्षांचं मरण. डच एल्म रोगाने ब्रिटनमधली अडीच कोटींहून जास्त झाडं गेली. तुमच्या आठवणीत कुंपणाच्या कडेला उंच एल्म हिरवा आहे, वाळका आहे की नाहीच, यावरून काळाचा बराच अंदाज बांधता येतो.

जिल्ह्याच्या त्या जोडणीकडे दुर्लक्ष करू नका. ‘हेरिफर्ड अँड वुस्टर’ नावाचा जिल्हा १९९८ पर्यंत टिकला, म्हणजे त्या चोवीस वर्षांतले काही सरकारी कागद वुस्टरकडे असू शकतात. १९७४ मध्ये इंग्लंडातल्या बऱ्याच जिल्ह्यांच्या सीमा हलल्या. आपलं गाव तेव्हा कोणाच्या पदरात होतं ते आधी बघून घ्या, नाहीतर चुकीच्या दारात रांग लावाल.

माझी एक आठवण अशी होती की गवतात पिवळं घर दिसायचं. घर म्हणजे घराची आखणी: दोन चौकोन, एकमेकांना चिकटून, चर्चमागच्या कुरणात. मी आणि माझी मैत्रीण त्यात ‘घर-घर’ खेळायचो. हे मी कोणाला सांगितलं की लोक हसायचे. पण १९७६ ची खुंटी तिथे अलगद बसली. त्या उन्हाळ्यात २३ जून ते ७ जुलै अशा सलग पंधरा दिवसांत रोज इंग्लंडात कुठे ना कुठे पारा ३२ अंशांवर गेला. ऑगस्टमध्ये दुष्काळाचा कायदा झाला, दुष्काळासाठी खास मंत्री नेमला, डेनिस हॉवेल, आणि नेमल्यावर थोड्याच दिवसांत पाऊस कोसळला. अशा कोरड्या उन्हाळ्यात जमिनीखाली जुन्या भिंतीचा पाया असेल तर त्यावरची माती पातळ असल्याने तेवढंच गवत आधी करपतं. वरून पाहणाऱ्या पुरातत्त्ववाल्यांना १९७६ ने असं बरंच काही दाखवलं. आम्हा दोघींना दोन खोल्या दाखवल्या.

घरातले कागद

इथे आपलं पारडं जड आहे. गावातल्या इंग्रज कुटुंबांनी शेजाऱ्याला कशाला पत्र लिहायचं? आपल्या आयांनी मात्र दर पंधरा दिवसांनी घरी पत्र पाठवलं. निळी एरोग्राम, तिन्ही बाजूंनी दुमडलेली, समासातसुद्धा आडवं-उभं लिहिलेली. आजीने आमची सगळी पत्रं पत्र्याच्या डब्यात जपली होती. त्यात अंड्यांचे भाव आहेत, दवाखान्यात कोण काय भेट घेऊन आलं ते आहे (एकदा पिसं न काढलेला फेझंट, रानकोंबड्यासारखा पक्षी), आणि बर्फात अडकलेल्या बाबांना ट्रॅक्टरवर घालून कोणी बाळंतिणीकडे नेलं ते आहे. गावात जन्मलेल्या माणसाला ज्याचं नवल वाटत नाही, ते सगळं आईने लिहिलं, कारण तिला त्याचं नवल वाटत होतं.

आणखी एक फायदा आहे, जो मला फार उशिरा दिसला. आईने नावं देवनागरीत लिहिली, म्हणजे ऐकली तशी लिहिली. इंग्रजीत लिओमिन्स्टर असं वाचावंसं वाटतं त्या गावाला ती पहिल्यापासून ‘लेम्स्टर’ लिहिते, कारण तिथली माणसं तसंच म्हणतात. ऐंशी वर्षांचे शेतकरी शेतांची नावं कशी उच्चारायचे, हे कुठल्याही इंग्रजी कागदात सापडणार नाही. आईच्या पत्रांत ते आहे. तुमच्या घरी अशी पत्रं असतील तर नावं इंग्रजीत ‘दुरुस्त’ करून उतरवू नका.

फोटोंच्या पाठी बघा. कोडॅक्रोमच्या स्लाइड्स असतील तर चौकटीवर बहुधा महिना आणि साल छापलेलं असतं, पण तो फिल्म धुतल्याचा महिना. फिल्म कॅमेऱ्यात आठ महिने पडून असायची. आमच्या ‘फेब्रुवारी’ च्या स्लाइडमध्ये सगळे बाही नसलेल्या कपड्यांत आहेत.

आता नकाशा

ऑर्डनन्स सर्व्हे ही १७९१ पासूनची संस्था. तिचे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनचे दोन नकाशे तुम्हाला हवेत: मैलाला सहा इंचांचा आणि मैलाला पंचवीस इंचांचा. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर इंग्लंडचेही हे नकाशे फुकट बघता येतात, आणि जुना नकाशा आजच्या फोटोवर ठेवून सरकपट्टीने मागेपुढे करता येतो. पहिल्या दिवशी रात्री दोन वाजेपर्यंत जागाल, हे सांगून ठेवते.

पंचवीस इंची नकाशात प्रत्येक शेताला क्रमांक आणि एकर दिलेले असतात. पी म्हणजे पंप, डब्ल्यू म्हणजे विहीर, एफपी म्हणजे पायवाट. बीएम दिसलं तर जाऊन भिंत बघा: खाली दगडात कोरलेला बाण आणि वर आडवी रेघ, म्हणजे उंची मोजायची खूण. आमच्या चर्चच्या बुरुजावरच्या त्या खाचेत बोट घातल्याशिवाय आम्ही पुढे जात नसू. ती कोंबडीच्या पायाची खूण आहे अशी आमची समजूत होती.

माझं पिवळं घर त्या नकाशावर निघालं. चर्चमागे दोन जोडघरं, मागे पी. नंतरच्या आवृत्तीत ती जागा कोरी.

एक इशारा. नकाशावर पट्टी ठेवून रेघा मारायचा मोह आवरा. १९२१ मध्ये हेरिफर्डच्याच आल्फ्रेड वॉटकिन्स यांना नकाशा बघताना जुनी चर्चं, टेकाडं, दगड एका रेषेत येतात असं दिसलं आणि त्यातून प्राचीन सरळ वाटांचा सिद्धान्त उभा राहिला. माणूस मोठा, उत्तम छायाचित्रकार. पण ज्या देशात पावलापावलाला जुनं काहीतरी आहे, तिथे पट्टी कुठेही ठेवली तरी चार गोष्टी रेषेत येणारच. पुरातत्त्ववाल्यांनी ते मानलं नाही.

शेतांची नावं

या कामातला माझा सगळ्यात आवडता कागद म्हणजे टाइद नकाशा. टाइद म्हणजे चर्चला द्यायचा उत्पन्नाचा दहावा हिस्सा. तो पूर्वी धान्यात, लोकरीत, डुकराच्या पिल्लांत द्यायचे. १८३६ च्या कायद्याने तो रोख केला, आणि कोणाकडून किती घ्यायचे हे ठरवायला पॅरिशवार, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीचे, नकाशे काढले. नकाशासोबत एक मोठी यादी असते: शेताचा क्रमांक, मालक, कसणारा, शेताचं नाव, नांगरट की कुरण, आणि क्षेत्र. बहुतेक नकाशे १८५० च्या आसपासपर्यंत झाले. एक प्रत लंडनमधल्या क्यूच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये (दप्तर क्रमांक: याद्या आयआर २९, नकाशे आयआर ३०), दुसरी बहुधा जिल्ह्याच्या रेकॉर्ड ऑफिसात, म्हणजे जुन्या कागदपत्रांच्या दप्तरखान्यात. काही गावांना हा नकाशा नसतो, कारण सामाईक जमिनी कुंपणात घालताना टाइदचा निकाल आधीच लागलेला असतो. मग त्या वाटपाचा, म्हणजे एन्क्लोजरचा, निवाडा आणि नकाशा मागा.

क्षेत्र एकर, रूड, पर्च असं दिलेलं असतं. इंग्रज वाचक इथे अडखळतात, आपण अडखळायचं कारण नाही. एका एकराचे चार रूड, एका रूडचे चाळीस पर्च. म्हणजे एक रूड बरोबर दहा गुंठे आणि चार पर्चचा एक गुंठा. सातबारा वाचलेल्या माणसाला हे तोंडपाठ असल्यासारखंच.

गावाच्या टोकाला, ओढ्यापलीकडे एक शेत होतं. आम्ही मुलं त्याला ‘बॉटनी’ म्हणायचो. एप्रिलमध्ये तिथे काउस्लिपची पिवळी फुलं यायची आणि शाळेच्या बाई आम्हाला फुलं ओळखायला तिथे नेत, त्यामुळे नावात मला कधी काही वावगं वाटलं नाही. वनस्पतिशास्त्राचं शेत. चाळीस वर्षं मी हेच धरून होते. लिहूनही टाकलं होतं.

मग आईचं एक एरोग्राम उतरवताना ओळ आली: “पोरं दिवसभर बाटनबेला असतात, संध्याकाळी हाक मारायला फार लांब पडतं.” आईला विचारलं. ती आता त्र्याऐंशीची आहे.

“आई, बाटनबे म्हणजे?”

“मी असं लिहिलंय? दाखव बघू.” पत्र उलटंसुलटं करून म्हणाली, “शेतमालकिणीच्या तोंडी तेच असायचं. मी काय खोटं लिहीन का?”

टाइदच्या यादीत ते शेत सापडलं. चार एकर, दोन रूड, सोळा पर्च, म्हणजे चार एकर चोवीस गुंठे. नाव: बॉटनी बे. ऑस्ट्रेलियाचा तो किनारा, जिथे कैदी धाडायचे म्हणून १७८८ मध्ये पहिली जहाजं पोचली. गावापासून सगळ्यात लांबच्या, जायला कंटाळा येणाऱ्या शेताला असं नाव द्यायची इंग्लंडच्या खेड्यांत चाल होती. कुठे बॉटनी बे, कुठे व्हॅन डीमन्स लँड (आजचं टास्मानिया, तिथेही कैदी धाडत). तिथे नांगरायला जाणं म्हणजे काळ्या पाण्यावर जाणं. हे नाव अठराव्या शतकाच्या अखेरच्या आधीचं असूच शकत नाही, म्हणजे नावानेच स्वतःच्या जन्माचा अंदाज दिला. आईने लिहिलेलं ‘लांब पडतं’ हेच त्याचं खरं कारण निघालं.

हेरिफर्डशायरची अशी शेतनावं वूलहोप क्लब या १८५१ पासूनच्या स्थानिक अभ्यासमंडळाच्या लोकांनी गावागावांतून गोळा केलेली आहेत. तुमच्या जिल्ह्यात असं कोणी केलं आहे का, हे रेकॉर्ड ऑफिसात आधी विचारा. महिन्यांचं काम वाचेल.

माणसांची यादी

खानेसुमारी १८०१ पासून दर दहा वर्षांनी, नावांसकट वापरण्यासारखी १८४१ पासून. १८४१ मध्ये मोठ्यांची वयं पाचाच्या पटीत खाली आणलेली आहेत, तेव्हा ‘सगळे चाळीसचे कसे’ म्हणून चक्रावू नका. शंभर वर्षं पूर्ण झाल्याशिवाय खुली होत नाही. १९२१ ची २०२२ मध्ये झाली. १९३१ ची जळाली, १९४१ ची युद्धामुळे झालीच नाही. ती पोकळी काही अंशी भरतो तो २९ सप्टेंबर १९३९ चा नोंदपट. त्याहून मागे जायचं तर चर्चची जन्म-लग्न-मरणाची पुस्तकं, १५३८ पासून. जुन्या पुस्तकांत वर्ष २५ मार्चला सुरू होतं हे १७५२ पर्यंत लक्षात ठेवायचं.

नोंदणारा दारोदार चालत गेला, तोच क्रम वहीत. त्यामुळे माहितीच्या दोन घरांमधलं बेनाव घर शोधता येतं. माझ्या पिवळ्या घराच्या एका खोलीत शेतमजूर, त्याची बायको आणि पाच मुलं होती. शेजारी हातमोजे शिवणारी विधवा. वुस्टरच्या हातमोज्यांच्या धंद्याचं शिवणकाम आसपासच्या खेड्यांत घरोघरी जायचं.

पण खानेसुमारी काय सांगत नाही, तेही बघा. ती बहुधा वसंतात होते, क्वचित जूनमध्ये. आमच्या भागात सप्टेंबरात हॉप्स तोडायला साउथ वेल्समधून आणि बर्मिंगहॅमपलीकडच्या ब्लॅक कंट्रीतून बायकामुलांसकट माणसं यायची, जिप्सी कुटुंबं यायची, गोठ्यांत नि पत्र्याच्या खोल्यांत राहायची. गावाची लोकसंख्या महिनाभर फुगायची, आणि एकाही खानेसुमारीत त्याचा मागमूस नाही. ते सापडतं शाळेच्या रोजनाम्यात. १८६२ नंतर सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळांच्या मुख्याध्यापकांना असा रोजनामा ठेवावा लागे. ‘अर्धे वर्ग रिकामे, सगळे हॉप्सला’ अशा अर्थाच्या नोंदी त्यात भरपूर. हॉप्सच्या भागात उन्हाळ्याची सुट्टीच सप्टेंबरात ढकलायचे. अलीकडचे रोजनामे बंद असतात, मुलांची नावं असतात म्हणून. हट्ट धरू नका.

१९४१ ते १९४३ चं राष्ट्रीय शेतपाहणीचं दप्तरही क्यूला आहे, क्रमांक एमएएफ ३२. पाच एकर आणि वरच्या प्रत्येक शेतीची नोंद: पाणी कुठून येतं, वीज आहे का, ससे-उंदरांचा उपद्रव किती. आणि शेतकऱ्याला ए, बी किंवा सी असा शेरा. खालचा शेरा असेल तर कारण: म्हातारपण, भांडवल नाही, किंवा ‘वैयक्तिक दोष’. ज्या आजोबांच्या मांडीवर बसून मी ट्रॅक्टर चालवला, त्यांच्या वडिलांचं पान मी काढलं. शेरा बरा नव्हता. आजोबांना भेटायला गेले तेव्हा ती प्रत माझ्या पिशवीत होती आणि तिथेच राहिली. कागद खुला आहे म्हणून तो प्रत्येकाच्या जेवणाच्या टेबलावर ठेवलाच पाहिजे असं नाही.

रेकॉर्ड ऑफिसात जाताना आधी वेळ घ्या, ओळखपत्र न्या, आणि पेन नेऊ नका; आत फक्त पेन्सिल. मी सुंदर शाईचं पेन घेऊन गेले होते, ते दिवसभर लॉकरमध्ये पडून होतं.

जिवंत माणसांशी बोलताना

कागदांच्या आधी हेच करायला हवं, खरं तर. कागद थांबतात.

“तेव्हा गाव कसं होतं?” असं विचारलंत की “छान होतं, सगळे एकमेकांना ओळखायचे” हेच उत्तर मिळेल. त्याऐवजी हाताने करायची गोष्ट विचारा. सायडरचा चोथा दाबताना कापड कसलं वापरायचे? घोड्याच्या केसांचं. एकावर एक किती घड्या? दाबायचा दांडा कोण ओढायचं? हॉप्स मशीनआधी कशात तोडायचे? लाकडी चौकटीला गोणपाट लावलेल्या झोळीत, तिला ‘क्रिब’ म्हणायचे. आणि शेवटच्या दिवशी कोणालातरी उचलून त्या क्रिबमध्ये टाकायची रीत होती. इथे आजोबा पहिल्यांदा मोकळे हसले आणि पुढचा तासभर मला काही विचारावं लागलं नाही. आपला हाताने काढलेला नकाशा सोबत न्या. माणसं कोऱ्या प्रश्नाला उत्तर देत नाहीत, पण चुकीचा नकाशा दिसला की तुमच्या हातातलं पेन हिसकावून घेतात.

ध्वनिमुद्रण सुरू करताना तारीख, जागा, दोघांची नावं मोठ्याने बोला. भिंतीवरचं टिकटिक घड्याळ आणि फ्रिज यांच्यापासून लांब बसा. माझ्या पहिल्या दीड तासात घड्याळ फार स्पष्ट आलंय. परवानगी लेखी घ्या: काय छापायचं, काय नाही.

आणि गोड तेवढंच विचारू नका. बाबांच्या पहिल्या वर्षी काही पेशंट पुढच्या गावातल्या डॉक्टरकडे सात मैल जायचे. हे मला एका पेशंटच्या मुलीनेच सांगितलं, माझ्याकडे न बघता. मी “असू दे” म्हणणार होते. म्हटलं नाही. तिने पुढे सांगितलं की तिची आई त्यांतलीच एक होती आणि तिसऱ्या वर्षी परत आली. हे ‘असू दे’ ने मिळालं नसतं.

चालून बघा

शेवटी गावी जा, शक्यतो थंडीत, जेव्हा ऊन तिरपं असतं. कुरणात समांतर लाटा दिसल्या तर ती मध्ययुगातल्या नांगरटीची उरलेली वरंबे-सरी. थोडा बर्फ पडला असेल तर आणखी उठून दिसतात. जिवंत झुडपांच्या कुंपणाचं वय काढायचा मॅक्स हूपर यांचा ठोकताळा आहे: तीस यार्ड मोजा, त्यात लाकूड धरणाऱ्या किती जाती आहेत ते बघा, एका जातीला अंदाजे एक शतक. नुसता हॉथॉर्न, हे काटेरी झुडूप, असेल तर बहुधा अठराव्या-एकोणिसाव्या शतकातलं. हेझल, मेपल, डॉगवूड मिसळले असतील तर जुनं. याला पुरावा समजू नका, नंतरच्या अभ्यासकांनी त्यात बरीच छिद्रं दाखवली आहेत. पायवाट सोडून शेतात जायचं तर विचारून जा, आणि फाटक जसं सापडलं तसं सोडा.

लिहिताना मी तीन वेगळ्या क्रियापदांची शिस्त ठेवली आहे: ‘आठवतं’, ‘सांगतात’, ‘नोंद आहे’. एका वाक्यात एकच. आठवण नोंदीशी जुळत नसेल तर दोन्ही ठेवते. माझ्या मसुद्यात ‘वनस्पतिशास्त्राचं शेत’ अजून आहे. त्याच्या खाली बॉटनी बे.

झालेलं काम घरात पडू देऊ नका. पत्रांना चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेट तर मुळीच नको. टाचण्या-स्टेपल काढा, घड्या उलगडून आम्लरहित कागदाच्या पाकिटात सपाट ठेवा. रेकॉर्ड ऑफिसं अशा गोष्टी स्वीकारतात, देणगी म्हणून किंवा ठेव म्हणून. ठेव असेल तर मालकी तुमच्याकडे राहते, हे आईला तीनदा समजावून सांगावं लागलं. मग तिने स्वतः अर्ज भरला. आकार: एक खोका. भाषा: मराठी. ‘मजकुराचं थोडक्यात वर्णन’ या रकान्यात तिने लिहिलं, ‘अंड्यांचे भाव वगैरे.’ मी ते बदललेलं नाही.